भिंत आणि कपाट

आयुष्यात माणूस हजारो सह्या करतो आणि विसरून जातो. मी तर मास्तर. हजेरीपट, निकालपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले, पुढे पेन्शनसाठी हयातीचा दाखला, या साऱ्यांवर केलेल्या सह्यांची गणती कोण ठेवणार? परंतु १९६८ साली मंद्रूपला एका अर्जावर केलेली सही मात्र मी विसरू शकलो नाही. ती करताना आपण एक सत्कृत्य करीत आहोत अशी माझी खात्री होती. आज ऐंशी ओलांडल्यावरही ते सत्कृत्यच होते असे मला वाटते. आणि तरीही त्या सहीच्या पोटातून पुढे जे निघाले त्याची मला लाज वाटते. एकाच कृत्याबद्दल समाधान आणि लाज ही दोन्ही एकदम वाटावी, ही अवस्था मोठी अडचणीची. पण जेथे अशी अडचण असते तेथे बहुधा एखादा खरा नैतिक प्रश्न दडलेला असतो. त्याचाच येथे थोडा शोध घ्यायचा आहे.

मंद्रूप हे सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका घरात मराठी तर शेजारच्या घरात कानडी, आणि बाजारात दोन्ही, असा इकडचा रिवाज. जमीन काळी, ज्वारी उत्तम, पाऊस मात्र लहरी. त्या काळी सुगी आटोपून लोकांच्या गाठीला चार पैसे आले की गावात तंबूचा सिनेमा येई. संध्याकाळी कर्ण्यावर गाणी लागत आणि बायका भाकऱ्या थापता थापता ती गुणगुणत. या करमणुकीला कोणाचा विरोध नव्हता. माझाही नव्हता. मी स्वतः पोत्यावर बसून कितीतरी खेळ पाहिले आहेत.

त्या वर्षी तंबूवाल्याने एक नवी युक्ती काढली. शाळेची रस्त्याकडची भिंत लांबलचक आणि पांढरी. तिच्यावर त्याने आपल्या जाहिराती चिकटवल्या. एका जाहिरातीत एक ओलेती बाई आणि तिच्या अंगावर झेपावणारा पुरुष असे चित्र होते. खेळ पाहून आलेले लोक सांगत की असा प्रसंग त्या सिनेमात नाहीच. हे चित्र नुसते तिकिटे खपवण्यासाठी काढलेले आहे. सातवीच्या मुली त्या भिंतीजवळून जाताना माना खाली घालू लागल्या, आणि काही टगी पोरे नेमकी त्या वेळी तेथे उभी राहू लागली.

सोलापूरहून पंधरवड्यातून एकदा एक पाळक आमच्या गावी येत. अमेरिकन मराठी मिशनचे सोलापुरातले काम एकोणिसाव्या शतकापासूनचे. त्यामुळे आसपासच्या काही गावांत थोडी थोडी ख्रिस्ती घरे होती. पाळकसाहेब सायकल एस. टी.च्या टपावर टाकून येत, प्रार्थना आटोपली की माझ्या खोलीवर चहाला येत. गावच्या वाचनालयाचे काम तेव्हा माझ्याकडे होते, आणि त्यांना वर्तमानपत्रांची ओढ होती. त्या दिवशी त्यांनी खिशातून एक कागद काढला. शाळेच्या भिंतीवरील जाहिराती काढाव्यात असा ग्रामपंचायतीला अर्ज होता.

“गुरुजी, पहिली सही तुमची पाहिजे,” ते म्हणाले. “माझी पहिली आली तर लोक म्हणतील, हे ख्रिस्ती लोकांचं काहीतरी आहे.”

मी त्यांना डिवचण्यासाठी विचारले, “पाळकसाहेब, तुम्ही सिनेमा पाहता का?”

“पाहतो की. ‘संत तुकाराम’ चार वेळा पाहिलाय.”

“मग तंबूच बंद करा असं का लिहीत नाही?”

“तंबूत जाणारा तिकीट काढून जातो, गुरुजी. भिंतीजवळून जाणाऱ्या पोरींना कोणी विचारलंय का?”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते, आणि मला वाटते आजही नाही. मी सही केली. पाठोपाठ साठ-सत्तर सह्या झाल्या. त्यांत लिंगायत होते, मराठे होते, मुसलमान होते, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अंगठे होते. आठवड्यात भिंत स्वच्छ झाली.

गोष्ट येथे संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी झाली असती. पण दोन महिन्यांनी गावातली तीन वजनदार माणसे वाचनालयात आली. त्यांच्या हाती त्याच अर्जाची नक्कल होती, फक्त खाली चार ओळी वाढवलेल्या. वाचनालयातील ‘घाणेरडी’ पुस्तके आणि काही दिवाळी अंक काढून टाकावेत अशी मागणी होती. एका सद्गृहस्थांनी वाचनालयाला र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे काही जुने बांधीव खंड भेट दिले होते. मुख्य रोख त्यांच्यावर होता. मी विचारले, “आपण हे वाचले आहे का?” उत्तर आले, “वाचायला कशाला पाहिजे? तुम्हीच ना सही केली, गुरुजी, की गावात अशी घाण नको म्हणून?”

माझ्याच सहीने माझे तोंड बंद केले. मी तरुण होतो, नोकरी नवी होती. ते खंड आणि ते अंक मी लाकडी कपाटात घातले, कुलूप लावले आणि किल्ली कोटाच्या खिशात ठेवली. कोणी विचारले तर काय सांगायचे हेही मनाशी ठरवले: किल्ली हरवली आहे.

पंधरा दिवसांनी ते सांगण्याची वेळ आली. माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी, तिसऱ्या बाळंतपणानंतर माहेरी आली होती. अंगात रक्त नव्हते. तिने माझ्या पत्नीजवळ लाजत लाजत चौकशी केली, की दोन मुलांत अंतर कसे ठेवावे याविषयी वाचनालयात पुस्तक आहे म्हणतात, ते गुरुजी देतील का? पत्नीने मला विचारले. मी म्हणालो, “कपाटाची किल्ली हरवली आहे.” त्या वेळी किल्ली माझ्या खिशात होती आणि बोलताना माझा हात तिच्यावर होता. ती मुलगी पुन्हा आली नाही. वर्षभरात तिचे चौथे बाळंतपण झाले. ती त्यातून उठली, पण पूर्वीसारखी कधी झाली नाही. ते पुस्तक मिळाले असते तर सारे टळले असते असा दावा मी करणार नाही. पुस्तके इतकी समर्थ नसतात. परंतु खोटे मी बोललो होतो, आणि तेही गावाच्या नीतीच्या रक्षणासाठी. नीतीचे रक्षण करायला निघालेल्या माणसाकडून घडलेली अनीती जर कोणती असेल, तर ती ही.

*

त्यानंतर या विषयावर मी जे मिळेल ते वाचीत गेलो. वाचता वाचता ध्यानात आले, की आमच्या पाळकसाहेबांचा तो अर्ज ही काही एकटी दुकटी घटना नव्हती. छापील शब्दांतील आणि चित्रांतील अनीतीविरुद्ध धर्मोपदेशकांनी उभे राहणे, ही निदान पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तिच्यात मराठीचाही वाटा आहे.

बाबा पदमनजींचेच उदाहरण घ्या. १८३१ साली बेळगावला जन्मलेल्या या गृहस्थांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि त्याच साली त्यांचे ‘व्यभिचारनिषेधक बोध’ हे पुस्तक निघाले. पुढे ते धर्मोपदेशक झाले. नावावरून पुस्तक सोवळे वाटते. परंतु १८५७ साली याच लेखकाने ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिचा उल्लेख करतो. हिंदू विधवांची केशवपनापासून फसवणुकीपर्यंतची सारी दुर्दशा त्यांनी तिच्यात मांडली. सभ्य घरांत ज्याचा उच्चारही होत नसे ते त्यांनी छापले. म्हणजे जो अनीतीचा निषेध करू पाहतो त्याला आधी अनीतीचे वर्णन करावे लागते. झाकून ठेवलेल्या जखमेवर औषध लावता येत नाही.

या विसंगतीचा एक मासला तर इंग्लंडच्या न्यायालयात घडला. कॅथलिक पाद्री कबुलीजबाबाच्या वेळी स्त्रियांना कसले प्रश्न विचारतात हे उघडकीला आणण्यासाठी एका कडव्या प्रॉटेस्टंट संघटनेने एक पत्रक काढले. हेन्री स्कॉट नावाचा तिचा एक सभासद ते विकत असे. हेतू, त्याच्या मते, अत्यंत पवित्र. परंतु १८६८ साली सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी ते पत्रकच अश्लील ठरवले. हेतू कितीही चांगला असो, ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती ते लिखाण पडू शकते, त्यांना बिघडवण्याची त्याची प्रवृत्ती आहे की नाही एवढेच पाहायचे, असा दंडक त्यांनी घालून दिला. हाच तो सुप्रसिद्ध ‘हिक्लिन’ निकष. अनीतीवर प्रहार करण्यासाठी उचललेला दगड आधी उचलणाऱ्याच्याच पायावर पडला, आणि मग तो आपल्या देशात आला. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल खटला झाला, तेव्हा १९६४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष मान्य केला. आणि तो सोडून समकालीन समाजाचे मान प्रमाण धरायचे असे त्या न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत म्हणायला २०१४ साल उजाडले.

हिक्लिन निकषाचे मर्म असे, की तो सर्वांत दुबळा वाचक प्रमाण धरतो. घरात एक लहान मूल आहे म्हणून साऱ्या घराने पेजच खावी असा तो न्याय आहे. आता गंमत पाहा. आमच्या पाळकसाहेबांचा भिंतीविषयीचा युक्तिवादही दुबळ्याचाच होता. भिंतीवरून सर्वांत लहान मूलही जाते, म्हणून भिंतीला लहान मुलाचे मान लावावे. तेथे तो न्याय बरोबर होता, कारण भिंतीपुढून जाणाऱ्याला निवड नसते. कपाटाला मात्र तो लावता येत नाही, कारण कपाट उघडणारा स्वतःच्या हाताने उघडतो. माझ्या गावच्या त्या तीन माणसांनी केले ते एवढेच, की भिंतीचा न्याय कपाटाला लावला. आणि मी त्यांना तो लावू दिला.

*

र. धों. कर्व्यांच्या चरित्राकडे वळलो तेव्हा मला माझ्या त्या कपाटाची आठवण पानोपानी येत राहिली. मुंबईचे विल्सन कॉलेज हे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून वाढलेले. त्या कॉलेजात कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली संततिनियमनाच्या सल्ल्याचे केंद्र काढले आणि त्याचा उघड प्रचार चालवला. कॉलेजच्या ख्रिस्ती चालकांना ते मानवले नाही, आणि १९२५ साली कर्व्यांना नोकरीचा राजीनामा द्यावा लागला. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. पुढे १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांच्यावर खटला झाला. तो भरवणारे मात्र ख्रिस्ती नव्हते, आपलेच सनातनी होते. १९३४ सालच्या दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. दोन्ही वेळा दंड भरावा लागला. तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवले.

१८५४ सालचा ‘व्यभिचारनिषेधक बोध’ आणि १९३१ सालचा ‘व्यभिचाराचा प्रश्न’: एका उपदेशकाने लिहिलेला निषेध आणि एका नास्तिकाने विचारलेला प्रश्न. दोघांना एकमेकांचे मत साफ अमान्य झाले असते. पण दोघांचीही तळमळ खरी होती, दोघांनीही आपल्या नावाने लिहिले आणि दोघांनीही त्यासाठी मोल दिले. एकाला आप्त दुरावले, दुसऱ्याला नोकरी. या दोघांपैकी कोणाचेही पुस्तक मी कपाटात कोंडणार नाही असे आज मी म्हणू शकतो. १९६८ साली म्हणू शकलो नाही.

येथे आपल्यासारख्या दिवाळी अंकांच्या वाचकांना जवळची वाटेल अशी आणखी एक हकिकत सांगायला हवी. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा आली. ती अश्लील आहे अशी फिर्याद झाली, शिक्षा झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली त्या न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. कथा वाङ्मयदृष्ट्या फारशी उंचीची नसेल, लेखकाची जाण कच्ची असेल, पण तेवढ्याने ती अश्लील होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. मला हा विवेक फार मोलाचा वाटतो. आपल्याला जे सुमार वाटते, आपल्या रुचीला जे खटकते, ते सारे अनीतिमान असते असे नाही. पण रागाच्या भरात या दोहोंतली रेघ पुसली जाते. माझ्या कपाटात कोंडलेल्या दिवाळी अंकांपैकी काही अंक खरोखर भिकार होते. त्यांना कोंडणे हा न्याय नव्हे. ते भिकार आहेत असे मोठ्याने सांगणे, आणि चांगले अंक शेजारी ठेवणे, हा न्याय होता. त्यासाठी मात्र वाचावे लागते.

*

मग पाळकसाहेबांची जातकुळी कोणती? मला त्यांच्याशी अन्याय करायचा नाही. म्हणून परदेशातल्या दोन उपदेशकांची उदाहरणे घेतो.

पहिले डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूचे. अमेरिकन बोलपटांनी काय दाखवावे आणि काय दाखवू नये याची जी संहिता १९३० साली तयार झाली, तिचा मसुदा मुख्यतः त्यांचा. १९३४ पासून ती कडकपणे अमलात आली आणि १९६८ साली तिच्या जागी वयानुसार वर्गवारी आली. त्या संहितेत नग्नता, शिवीगाळ, गुन्ह्याचे गौरवीकरण यांना मनाई होती. पण तिच्यात आणखीही एक मनाई होती: गोऱ्या आणि काळ्या वंशांतील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायचे नाहीत. आज ती ओळ वाचताना अंगावर काटा येतो. अनीतीची यादी करायला बसलेल्या सज्जनांच्या हातून काळाचा सर्वांत मोठा अन्याय त्या यादीत नीती म्हणून लिहिला गेला. त्यांतल्या कोणाला तो खटकला नाही, कारण रूढी ही आपल्या आतूनच बोलते आणि ती सदसद्विवेकाचाच आवाज काढते. यादी करणाऱ्याने ही भीती सतत बाळगली पाहिजे.

दुसरे उदाहरण रेव्हरंड डोनाल्ड वाइल्डमन यांचे. मिसिसिपी राज्यातले हे मेथडिस्ट पाळक. १९७६ च्या नाताळाच्या सुमारास ते मुलाबाळांसह टेलिव्हिजनपुढे बसले. एका वाहिनीवर कामुक प्रसंग, दुसरीवर शिव्या, तिसरीवर मारहाण. त्यांनी संच बंद केला आणि आपल्या मंडळीला विनंती केली, की एक आठवडा सर्वांनी संच बंद ठेवू या. येथवर कोणालाही आक्षेप घेता येणार नाही. एकादशीचा उपास करणाऱ्या समाजाला तर मुळीच नाही. १९७७ साली त्यांनी संघटना काढली. कार्यक्रम कंपन्यांच्या जाहिरातींवर चालतात हे ओळखून त्यांनी त्या कंपन्यांचा माल घेऊ नये अशी मोहीम चालवली. १९८१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या बलाढ्य कंपनीने आपण अनेक कार्यक्रमांतून जाहिराती काढून घेतल्याचे जाहीर केले. बहिष्काराचे हे शस्त्र आपल्याला परके नाही. १९३० साली विलायती कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे आपल्या बायाबापड्या उभ्या राहिल्याच होत्या.

परंतु गाडी तेथे थांबली नाही. १९८८ साली येशूच्या मोहाविषयीच्या एका चित्रपटाविरुद्ध मोहीम झाली, आणि तो चित्रपट कोणीच पाहू नये, चित्रगृहांनी लावूच नये, असा तिचा रोख होता. १९९६ साली त्यांच्या संघटनेने डिस्ने कंपनीवर बहिष्कार पुकारला, आणि त्याच्या कारणांत एक असे होते की ती कंपनी समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही सवलती देते. म्हणजे पडद्यावर काय दाखवावे येथून निघालेली यात्रा, पडद्यामागच्या माणसांनी कोणाबरोबर राहावे येथे येऊन पोचली. वाइल्डमन २०२३ साली वारले. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण माझ्या गावात दोन महिन्यांत जे झाले तेच तेथे वीस वर्षांत झाले असे मला वाटते. अर्ज तोच, फक्त खाली चार ओळी वाढल्या.

*

किल्लीची हकिकत मी पाळकसाहेबांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “गुरुजी, मी भिंतीबद्दल बोललो होतो. कपाटाबद्दल नव्हतो बोललो.”

“मग त्या तिघांना तसं सांगा ना.”

“सांगतो. पण ती पुस्तकं पोरांच्या हातात द्या असंही मी म्हणणार नाही. माझं मन त्याला तयार नाही.”

त्यांनी खरोखरच सांगितले. त्या तिघांच्या घरी पायी जाऊन सांगितले, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. स्वतःला न आवडणाऱ्या पुस्तकांसाठी ते भांडले. कपाट मी उघडले. फार उशिरा, पण उघडले. पुष्कळ वर्षे मला वाटत होते, की या माणसाने प्रश्न सोडवला: भिंतीवर संयम, कपाटात स्वातंत्र्य. इतके सुटसुटीत सूत्र हाती आले की शिक्षकाला आनंद होतो.

पण एके दिवशी सूत्र मोडले. शाळेच्या त्याच भिंतीवर सरकारी रंगारी आला आणि त्याने कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला. दोन किंवा तीन मुले पुरेत असा संदेश खाली लिहिला. जे मी कपाटात कोंडले होते तेच सरकारने भिंतीवर आणले! गावातली काही वडीलधारी मंडळी चिडली; शाळेजवळ हे कशाला, असे म्हणू लागली. त्यांनी माझ्याकडे अर्ज आणला. तोच न्याय: भिंतीजवळून जाणाऱ्या पोरींना कोणी विचारले? मी सही केली नाही. का केली नाही, हे त्या वेळी मला नीट सांगता आले नाही. पण भिंतीपुढे उभा राहून मी त्या मुलीचा विचार करीत होतो, जिला ही भिंत चार वर्षे आधी हवी होती.

तेव्हा भिंत की कपाट एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. जागेइतकेच हेही पाहावे लागते, की भिंतीवर जे आहे ते पाहणाऱ्याला काय समजते. ओलेतीच्या चित्राने पाहणाऱ्याला गिऱ्हाईक समजले होते, आणि चित्रातल्या बाईला तर तेवढेही नाही. त्रिकोणाने पाहणाऱ्याला विचार करू शकणारे माणूस समजले. एकाने शरीर वापरले, दुसऱ्याने शरीराविषयी खरे सांगितले. शरीराचा उल्लेख दोन्हीकडे होता, म्हणून दोन्ही एकच, असे म्हणणारा माणूस पाळकसाहेबांच्या बाजूचा नव्हे आणि कर्व्यांच्याही नव्हे.

आणि हे ठरवायचे कोणी? येथे मी कायद्यापेक्षा पाळकसाहेबांच्या वागण्याकडे अधिक पाहतो. त्यांनी आधी भिंत स्वतः पाहिली. अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला. जेवढे खटकले तेवढेच मागितले. आणि आपला अर्ज दुसऱ्याने ताणला तेव्हा आपल्याच बाजूच्या माणसांपुढे उभे राहून तो मागे ओढला. या चारांतले शेवटचे सर्वांत अवघड आहे. प्रतिपक्षाला नाही म्हणणारे उपदेशक, पुढारी आणि संपादक मी पुष्कळ पाहिले. आपल्या मागे आलेल्या जमावाला नाही म्हणणारा फक्त तो एक सायकलवाला पाहिला.

त्यांच्या अर्जाला मी आज पुन्हा सही करीन. फक्त सहीखाली एक ओळ वाढवीन: ही सही या भिंतीपुरती आहे.

*

आमच्या तालुक्यातच, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वराचे देऊळ आहे. तेथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील एक शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. जो वाचील तो विजयी होईल, असा त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ. गेल्या वर्षी नातीला घेऊन मी तेथे गेलो होतो. अक्षरे दाखवीत मी तिला म्हणालो, “हजार वर्षांपूर्वी ज्याने हे कोरले, त्याने वाचणाऱ्याला आशीर्वाद दिला. कोणी वाचावं आणि कोणी वाचू नये, हे लिहिलं नाही.”

ती म्हणाली, “आजोबा, त्याच्याकडं मोबाईल नव्हता म्हणून.”

मी हसलो, पण परतताना गाडीत तिचे वाक्य मनात घोळत राहिले. पोरगी बरोबर बोलली होती. आता मंद्रूपला तंबू येत नाही. भिंत आणि कपाट ही दोन्ही एकाच काचेच्या तुकड्यात येऊन बसली आहेत, आणि तो तुकडा तिच्या हातात आहे. न मागता समोर येते म्हणून ती भिंत; एकटीनेच पाहायचे असते म्हणून ते कपाट. तिच्यापर्यंत कोणत्या पाळकाचा अर्ज पोचणार? कोणती ग्रामपंचायत ती भिंत पुसणार? कायदा आहे. १८६० सालचे कलम बदलून आता नव्या संहितेत आले आहे. पण कायदा फार तर कुलूप घालील, आणि ते उघडण्याच्या शंभर किल्ल्या तिच्या वर्गातल्या पोरांना ठाऊक आहेत.

मग राहते ते जुनेच काम, जे मी १९६८ साली केले नाही. ती कधी कधी येऊन विचारते. असे विचारते की ऐंशी वर्षांच्या मास्तराच्या कानशिलांना ऊब येते. काही गोष्टींची उत्तरे मला येतात, काहींची तिच्या आजीला येतात, काहींची कोणालाच येत नाहीत. जे चित्र मला वाईट वाटते ते वाईट का वाटते, हे मी तिला सांगतो, आणि तिला पटले नाही तर तिचे ऐकून घेतो. किल्ली हरवली आहे असे मात्र मी तिला सांगत नाही.